आक्काची दोन वयं

माझं जळकोटला हायवेच्या कडेला झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स म्हणायचं म्हणून म्हणायचं, खरं काम ऑनलाइनचं. सातबारा, पीकविमा, रेशनकार्डात नाव घालणं, रेशनकार्डातनं नाव काढणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आधारच्या दुरुस्त्या. कुणाचं नाव चुकलेलं, कुणाच्या नवऱ्याच्या जागी भावाचं नाव पडलेलं, आणि वय तर बघायलाच नको. आमच्याकडं वय सांगायची रीत वेगळी. म्हातारी माणसं म्हणणार, बाहत्तरच्या दुष्काळात म्या खडी फोडत हुतो, त्यावरनं काय ते काढा. आणि जे थोडेफार शाळेत गेले त्यांचा वाढदिवस एक जून. गुरुजींनी अर्ध्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलंय.

अशा गावात वयाचं काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. पासष्ट पूर्ण झाले की एसटीला अर्धं तिकीट लागतं, हे कळल्यापासून माझ्याकडं लोक वय वाढवून घ्यायला येऊ लागले. गडी टणटणीत, सायकलवर पोतं टाकून आलेला, आणि म्हणायचा, पासष्ट करून टाका बरं. मीही कागदं जुळवून फॉर्म भरून द्यायचो. चूक होतं हे कळत नव्हतं असं नाही. पण गावात सगळेच करतात ती चूक कुणाला चूक वाटत नाही, आणि मला तर उलट लोकांच्या उपयोगाला पडतो म्हणून छाती फुगवून फिरायची सवय लागली होती.

तसंच मी आक्काचंही वय वाढवलं. आक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला तामलवाडीला दिलेली. दाजी लवकर गेले, एकुलती लेक लग्न होऊन पार कर्नाटकात, आणि आक्का एकटी तीन एकर कसत तिथंच राहिलेली. तिचा जीव मात्र जळकोटात. आठ-पंधरा दिवसाला पिशवीत शेंगा नाहीतर मेथी घालून यायची. तुळजापूरला गाडी बदलायची, नळदुर्गला बदलायची, दुपारी माझ्या दुकानात येऊन टेकायची. तिकिटाचा तिला भार नको म्हणून मी तिला आठ-नऊ वर्षांनी म्हातारी करून टाकली. कार्ड हातात दिलं तेव्हा तिनं विचारलं होतं, ह्यानं माझं आयुष्य कमी तर हुनार न्हाय ना? आम्ही दोघं हसलो होतो.

आता पाळण्याचं सांगतो, कारण सगळं त्या पाळण्यावरनं झालं.

नळदुर्गाजवळ मैलारपूरला पौषात खंडोबाची यात्रा भरते. दुष्काळाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आई कामावर, म्हणून मी दिवसभर आक्काच्या कडेवर. आक्का दहा-अकरा वर्षांची, मी दोनचा. गल्लीतल्या पोरींबरोबर ती यात्रेला गेली, मला कडेवर मारून. तिथं लाकडाचा पाळणा होता, चार पेट्यांचा, दोन गडी हातानं फिरवायचे. पोरी बसल्या. आक्का बसायला गेली तर पाळणेवाला म्हणाला, लेकरू घेऊन बसायचं नाही, खाली ठेव. खाली ठेवायचं म्हटलं की मी भोकाड पसरायचो. दुसऱ्या कुणाकडं जाईना. शेवटी आक्का मला घेऊन खाली उभी राहिली आणि पोरी वरून तिला हाका मारत राहिल्या. पुढं लग्न झालं, मग बाईमाणसानं पाळण्यात बसणं बरं दिसत नाही झालं, मग दाजी गेले. ते राहिलं ते राहिलंच.

ही गोष्ट आक्का दर यात्रेला हसत हसत सांगायची. माझ्या बायकोला सांगायची, माझ्या लेकीला सांगायची. ह्या मुडद्यानं मला पाळण्यात बसू दिलं न्हाय. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण वय वाढलं तसं ते हसू मला कुठंतरी टोचायला लागलं. माझ्यापायी तिचं पोरपण गेलं, आणि मी तिला दिलं काय, तर अर्धं तिकीट.

तामलवाडीच्या पुढं सोलापूरकडं जाताना रस्त्याला लागून एक पार्क झालेलं आहे. घसरगुंड्या, पाण्याचे हौद, लहान मुलांची रेल्वे, आणि मधोमध मोठा आकाशपाळणा. लोक त्याला वॉटरपार्कच म्हणतात. सोलापूरला डोळे दाखवायला जाताना आक्काला एसटीच्या खिडकीतनं तो पाळणा दिसायचा. करोनाच्या पहिल्या वर्षी सगळंच बंद पडलं, एसटी बंद, शाळा बंद, आणि पुढं खंडोबाची यात्राही होणार नाही असं कळलं. त्या दिवाळीत भाऊबीजेला आक्का आली. ओवाळून झालं, मी साडी पुढं केली, तर तिनं ती बाजूला सारली.

"साडी नगं," म्हणाली. "त्या पाळण्यात बसीव मला एकदा. वरून आमच्या बांधावरचा लिंब दिसतो का तेवढं बघायचंय."

आयुष्यात तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, पार्क उघडू दे, पहिल्या दिवशी नेतो. माझा स्वभावच असा, बोलायला पैसे पडत नाहीत. पण ह्या वेळी मी मनापासून बोललो होतो.

पार्क उघडलं, पण अटी घालून. पाण्याचे हौद बंद, पाळणे चालू, तेही एकाआड एक रिकामे. संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी आम्ही निघालो. मी, माझी बायको, बारा वर्षांची लेक, आणि वाटेत तामलवाडीला आक्काला घेतलं. आक्का रस्त्यावर येऊन उभीच होती. नवं लुगडं, नाकाला मास्क, त्यावरनं पदर, आणि हातात भाकरीचं गाठोडं. मी म्हटलं, अगं तिथं खायला मिळतंय. ती म्हणाली, मिळतंय पण भाकरी मिळती का?

पार्कच्या दाराशी जमिनीवर पांढरे गोल आखलेले. एकेका गोलात एकेकानं उभं राहायचं. आक्का गोलात उभी राहिली ती पाय जवळ घेऊन, रेघेला चप्पल लागू नये म्हणून. पुढं एकजण कपाळावर ताप मोजायची बंदूक धरत होता. बंदूक धरल्यावर आक्कानं डोळे मिटले. ताप काही नव्हता. पायानं दाबायच्या नळीखाली हात धरले, औषधाचा वास घेतला. सगळं सुरळीत चाललं होतं. मग दारावरच्या सिक्युरिटीवाल्यानं आक्काकडं बघून विचारलं, आजींचं वय किती?

आता हे नीट सांगतो, कारण हे मी मनात हजार वेळा परत करून बघितलेलं आहे. त्यानं कार्ड मागितलं नव्हतं. त्यानं नुसतं विचारलं होतं. आक्का सांगायला लागलीच होती, बाहत्तरच्या दुष्काळात म्या धा वर्साची. एवढं ऐकून त्यानं हिशेब केला असता आणि आत सोडलं असतं, किंवा कंटाळून तरी आत सोडलं असतं. पण मी ऑनलाइनवाला. कागद दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. सगळ्यांची कार्डं मी लॅमिनेशन करून एका पाकिटात घालून आणलेली. आक्काचं बोलणं मधेच तोडून मी म्हणालो, कार्ड बघा की साहेब, सगळं आहे आपल्याकडं. आणि आक्काचं कार्ड मी माझ्या हातानं त्याच्या हातात दिलं.

त्यानं बघितलं आणि बोर्डाकडं बोट केलं. पासष्ट वर्षांवरील व दहा वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही. कार्डावर आक्का सदुसष्ट वर्षांची होती.

माझ्या डोक्यात एकदम जाळ झाला. मी त्याला म्हटलं, कार्डावरचं वय खोटं आहे. तो म्हणाला, कार्ड खोटं आहे म्हणता? मी म्हटलं, कार्ड खरं आहे, वय खोटं आहे, मीच वाढवलंय. मागच्या गोलातली माणसं हसायला लागली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण तेव्हा मला ते कळेना. मी आवाज चढवला, मॅनेजरला बोलवा म्हणालो, तुझी नोकरी घालवतो म्हणालो, काय काय म्हणालो. तो बिचारा माझ्याच वयाचा असेल. शांतपणे म्हणाला, दादा, नियम म्हाताऱ्या माणसांच्या जिवासाठीच आहे. त्याचं काही चुकलं नव्हतं. आज मी त्याच्या पाया पडायला तयार आहे.

मिटवलं ते आक्कानं. माझा दंड धरून तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, तुम्ही जावा, म्या बसते हितं, लेकराचं तोंड बघ कसं झालंय. माझ्या लेकीचं तोंड खरंच उतरलं होतं, तिकिटं काढून झाली होती. बायको म्हणाली, मी थांबते आक्कांजवळ. आक्का ऐकेना. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही असाही नियम होता, म्हणून भाकरीचं गाठोडंही तिच्याचजवळ राहिलं.

आणि मी आत गेलो. मी बाहेर थांबू शकत होतो की. लेकीला बायकोबरोबर पाठवून मी आक्काजवळ कट्ट्यावर बसलो असतो, भाकरी सोडली असती, दोन गोष्टी केल्या असत्या, तर काय बिघडलं असतं? पण त्या सिक्युरिटीवाल्याच्या नाकावर टिच्चून आत जायचं, असं माझ्या डोक्यात भूत शिरलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर मलाही पाळण्यात बसायचं होतं. पन्नाशीला टेकलेला माणूस मी. लाज वाटते सांगायला.

पाळण्यात एकाआड एक पेटीला लाल-पांढरी पट्टी मारलेली. बायको आणि लेक एका पेटीत, मधली रिकामी, पुढच्या पेटीत मी एकटा. पाळणा वर गेला आणि माणसं बसवायला थांबला, नेमका मी टोकाला असताना. चहूकडं ज्वारी आणि हरभरा, मधे मधे उसाचे पट्टे, आणि तुळजापूरकडं जाणारा रस्ता. खाली दाराबाहेर सुबाभळीच्या सावलीत आक्का उभी होती. बसली नव्हती, उभी होती. कपाळावर आडवा हात धरून वर बघत होती आणि दुसरा हात हलवत होती. पण ती आमच्याकडं बघत नव्हती. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, एवढ्या लांबनं तिला काय ओळखू येणार? ती आमच्या मधल्या, पट्टी मारलेल्या रिकाम्या पेटीला हात करत होती. मी हाका मारल्या. तिला ऐकू गेल्या नाहीत. मग मी मोबाइल काढला आणि लेकीचे फोटो काढत बसलो.

बाहेर आल्यावर आक्कानं पहिला प्रश्न केला तो हा.

"लिंब दिसला का रं आमचा?"

बघायचंच राहिलं होतं मला. तामलवाडी कुठल्या अंगाला, एवढंसुद्धा मी बघितलं नव्हतं.

"दिसला की. हिरवागार दिसतोय," मी म्हणालो.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मग हसली. ह्या दिवसांत कडुलिंबाची पानं पिवळी पडून झडायला लागतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गाठोडं सोडत एवढंच म्हणाली, मंग आता म्याच बघंन एकदा.

त्या एका वाक्यानं मी पेटलो. भाकरी खाता खाताच मी तिला शब्द दिला, महिन्याभरात तुझं खरं वय कार्डावर आणतो आणि ह्याच दारातनं तुला आत नेतो. त्यानं वय बघितलं ना, आता वय बघच म्हणावं. बायको म्हणाली, कशाला उगीच, अटी उठल्या की कार्ड कोण बघणार आहे? बाई शहाणी. पण माझ्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की शिरलं.

मी आमच्या गावच्या शाळेत गेलो. आक्का दुसरीपर्यंत शिकली होती. हेडमास्तरांनी कपाटातनं जुनी रजिस्टरं काढून दिली, वाळवी लागलेली. दोन दुपारी मी जमिनीवर बसून पानं उलटली तेव्हा आक्काचं नाव सापडलं. जन्मतारीख अर्थातच एक जून, पण साल बरोबर निघालं. दुष्काळात दहा वर्षांची असणारी पोरगी जेवढी पाहिजे तेवढी. मी दाखला काढला, अर्ज भरला, तो एकदा परत आला, परत भरला. लोकांच्या खोट्या वयासाठी मी कधी एवढी खटपट केली नव्हती जेवढी ह्या खऱ्या वयासाठी केली. फेब्रुवारीत नवीन कार्ड आलं. आक्का अठ्ठावन्न वर्षांची झाली.

कार्ड घ्यायला ती दुकानात आली तेव्हा तिनं एसटीला पूर्ण तिकीट काढलं होतं. मी म्हटलं, कंडक्टरला जुनं दाखवायचंस की अजून. ती म्हणाली, पुरं काढलं, म्या काय म्हातारी हाय व्हय? कार्ड तिनं दोन्ही हातांत धरून बघितलं. वाचता फारसं येत नव्हतं, पण आकडे कळायचे. कॅलेंडरकडं बघून म्हणाली, मंग कधी जायचं? मी म्हटलं, पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी माझ्याकडं काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी तिच्याकडं ज्वारीची काढणी. मग पेपरात आकडे वाढायला लागले, आठवडी बाजार बंद झाला, आणि पार्कही परत बंद झालं. मी म्हटलं, जाऊ दे, उघडेल, आता कार्ड तर आपल्या हातात आहे.

आणि मार्चमध्ये लस आली. साठ वर्षांच्या पुढच्यांना आधी.

मी आक्काला फोन करून जळकोटला बोलावून घेतलं आणि आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रावर घेऊन गेलो. मंडपाखाली खुर्च्या मांडलेल्या. खुर्च्यांवर कोण होतं म्हणाल, तर माझंच गिऱ्हाईक. ज्यांची ज्यांची वयं मी पासष्ट करून दिली होती ते सगळे ओळीनं बसलेले. आक्काबरोबर दुसरीत असलेली तिची मैत्रीणही तिथं होती, कार्डावर अडुसष्ट वर्षांची. तिनं आक्काला जागा करून दिली. एकेकजण आत जाऊन दंड चोळत बाहेर येत होता आणि येता-जाता मला नमस्कार करत होता. तुमच्यामुळं नंबर लागला बघा, असंही एकजण म्हणाला.

नर्सबाईंनी कार्ड बघितलं. मावशी, साठ पूर्ण पाहिजेत, तुम्ही अठ्ठावन्नच्या, म्हणाल्या. बीपी, शुगर काही आहे का, विचारलं. काही असतं तर पंचेचाळीसच्या पुढं चाललं असतं. आक्काला काही म्हणजे काही नव्हतं. उन्हात राबलेलं शरीर, एक गोळी कधी चालू नव्हती. नर्सबाई हळहळल्या. म्हणाल्या, थोडे दिवस थांबा, तुमचाही नंबर येईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या मंडपात उभं राहून अनुभवलं.

पुढचं सगळ्यांच्या घरी जसं झालं तसंच झालं. एप्रिल लागला तशी पंचेचाळीसच्या पुढं सगळ्यांना सुरू झाली. आम्ही गेलो, तर लस संपल्याची पाटी. चार दिवसांनी परत गेलो, परत पाटी. तिसऱ्यांदा लस आल्याचं कळलं तेव्हा आक्काला दोन दिवस ताप होता. शेजारच्या बाईनं मला फोन केला. मी गाडी करून तामलवाडीला गेलो. आक्का उंबऱ्यात बसली होती, धाप लागत होती, आणि तिनं हातात पिशवी तयार धरली होती. पिशवीत एक लुगडं, तांब्या, आणि कार्ड. गाडीत बसल्यावर तिनं कार्ड बाहेर काढून मला दाखवलं.

"ह्याच्यावर बरूबर हाय न्हवं आता?" म्हणाली. "दारात अडीवतील परत."

मी म्हटलं, दवाखान्यात वय बघत नाहीत आक्का. खरंच बघितलं नाही कुणी. तिसऱ्या दवाखान्यात जागा मिळाली, तिला खुर्चीवर बसवून आत नेलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. आठ दिवस मी बाहेर होतो. नवव्या दिवशी सकाळी मला बोलावून सही घेतली. तिचं तोंड लांबनं दाखवलं, प्लास्टिकमधनं. तिची लेक सीमेपलीकडं अडकलेली, ती पोचू शकली नाही.

महिन्याभरानं मी तिथल्या डॉक्टरांना गाठून विचारलं, मार्चमध्ये लस मिळाली असती तर वाचली असती का? ते म्हणाले, सांगता येत नाही. एक डोस झाला असता, कदाचित उपयोग झाला असता, कदाचित नसता. मला ते नको होतं. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लोकांना मी आजवर हे असंच सांगत आलो. नियम आडवा आला, दोन वर्षांनी कमी पडली, नशीब म्हणायचं. ऐकणारे हळहळतात, म्हणतात, तुम्ही काय करणार, तुम्ही तर तिच्या भल्यासाठीच केलं. बायकोही तेच म्हणते. त्यांना सगळ्यांना मी एक गोष्ट सांगितलेली नाही.

त्या दिवशी मंडपातनं बाहेर पडल्यावर आम्ही दोघं गाडीला टेकून उभे होतो. जुनं कार्ड नवं आल्यावर मी तिच्याकडनं घेऊन मोडीत टाकलं होतं, पण त्याची फाइल माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर होती. नंबर तोच, फोटो तोच, नुसतं साल वेगळं. दुकान गाडीवर पाच मिनिटांच्या अंतरावर. नर्सबाई डोळ्यांनी बघून लिहून घेत होत्या, तेवढंच. प्रिंट काढून, लॅमिनेशन मारून परत यायला मला पाऊण तासही लागला नसता, आणि अर्ध्या गावासाठी मी ह्याहून वाईट केलेलं होतं. हे माझ्या डोक्यात आलं होतं. आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. आणि माझ्या डोक्यात यायच्या आधी ते आक्काच्या डोक्यात आलं होतं. तिला नियम कळत नव्हता पण गाव कळत होतं. तिनं इकडं-तिकडं बघून हळूच विचारलं.

"जुनं हाय की रं तुज्याकडं. ते दाखवू का? मला ह्या रोगाचं लई भ्या वाटतंय."

भ्या वाटतंय असं आक्का म्हणाली. साप मारणारी बाई, रात्री एकटी पाणी द्यायला जाणारी बाई. मला तेवढ्यावरनंच कळायला पाहिजे होतं. पण मला काय वाटलं, तर लसीच्या नोंदीत वय एक पडेल आणि कार्डावर दुसरं, मग पुन्हा कुठंतरी दारात अडवतील आणि माझी महिनाभराची खटपट पाण्यात जाईल. शिवाय इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी एक काम सरळ केलं होतं, त्याचा मला तोरा होता.

मी म्हणालो, "राहू दे आक्का. महिन्याभरात सगळ्यांना मिळनार हाय. एवढी काय घाई?"

आणि आक्का बरं म्हणाली. माझा शब्द तिनं कधी मोडला नव्हता.